प्रजातींची यादी दरवर्षी वाढते आहे; पण राखीव क्षेत्राची स्थिती खरोखर सुधारते आहे का?

माळचंडोल (प्रश्न):

नमस्कार. आमचा स्वयंसेवकांचा गट एका लहान राखीव क्षेत्राची देखभाल करतो. क्षेत्राचा बराचसा भाग गवताळ माळ आहे, एका कडेला झुडपी जंगलाचा पट्टा आहे आणि मधोमध एक तळे आहे, जे पावसाळ्यात तुडुंब भरते व उन्हाळ्यात जवळजवळ आटते. गेल्या काही वर्षांपासून आम्ही येथे दिसलेल्या पक्ष्यांची, फुलपाखरांची आणि सस्तन प्राण्यांची यादी ठेवत आलो आहोत. ही यादी दरवर्षी वाढते, वार्षिक अहवालात ती पहिल्या पानावर छापली जाते आणि क्षेत्राची स्थिती सुधारत असल्याचा तोच पुरावा मानला जातो.

माझी अडचण अशी की माळावर चालताना जे जाणवते, ते या यादीशी जुळत नाही. क्षेत्राला कुंपण घातल्यापासून गवत दाट आणि उंच झाले आहे, त्याच्या बुडाशी वाळलेल्या काडाचा थर साचला आहे, कडेची घाणेरी (लँटाना, हे आगंतुक झुडूप) माळाकडे सरकताना दिसते आणि जमिनीवर घरटी करणारे चंडोल व टिटव्या विणीच्या काळात पूर्वीसारखे आढळत नाहीत. अर्थात हे माझे मत झाले. त्याला आधार देईल अशी मोजणी आमच्याकडे नाही.

गटातील काही जणांचे म्हणणे आहे की आणखी कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) घ्यावेत, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. त्यापूर्वी जाणकारांना विचारावेसे वाटले. यादी लांबली म्हणजे स्थिती सुधारली असे म्हणता येते का? गवत, झुडपे आणि पाणी यांची स्थिती मोजायची, तर मोजकी माणसे आणि मर्यादित वेळ असलेल्या गटाने नेमके काय मोजावे? आणि यातले किती काम कॅमेऱ्यांवर सोपवता येईल?

तांबट:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. अशी यादी केवळ वाढू शकते, कमी होऊ शकत नाही. एखादी प्रजाती क्षेत्रातून नाहीशी झाली तरी तिचे नाव यादीतून वगळले जात नाही आणि वाट चुकून एखाद्या सकाळी तळ्यावर उतरलेला स्थलांतरित पक्षी मात्र तिच्यात कायमचा बसतो. त्यातच निरीक्षकांची संख्या वाढली, दुर्बिणी चांगल्या आल्या, छायाचित्रावरून ओळख पटवून देणारी माणसे जोडली गेली, की क्षेत्रात काहीही बदल न होता यादी लांबते. आपल्या यादीने बहुधा आपल्या गटाची वाढच नोंदवली आहे.

यावरचा उपाय म्हणजे जे दिसले त्याच्या बरोबरीने ते पाहण्यासाठी किती श्रम घेतले हेही लिहिणे: किती वाजता सुरुवात केली, किती अंतर चाललो, किती जण होतो, हवा कशी होती आणि ठरलेल्या प्रजातींपैकी कोणती दिसली नाही. शेवटची बाब बहुतेक वह्यांतून गाळली जाते. वास्तविक ‘या मार्गावर आज चंडोल आढळला नाही’ या नोंदीचे मोल दुर्मीळ पक्ष्याच्या छायाचित्राहून जास्त आहे, कारण घट झाली हे पुढे अशा नोंदींवरूनच सिद्ध करता येते.

पद्धत म्हणून ब्रिटनमधील फुलपाखरांच्या मोजणीचे उदाहरण पाहावे. अर्नेस्ट पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिलेल्या पद्धतीवर तेथे १९७६ पासून राष्ट्रीय पातळीवर मोजणी चालते. आखून दिलेल्या मार्गावरून संथ गतीने चालायचे, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्याच काल्पनिक चौकटीतील फुलपाखरे मोजायची, चौकटीबाहेर कितीही देखणे फुलपाखरू दिसले तरी ते मोजणीत धरायचे नाही, आणि तापमान, ऊन व वारा ठरलेल्या मर्यादेत असेल तेव्हाच निघायचे. हे नियम हट्टी वाटतात, पण चालणारी माणसे बदलत गेली तरी आकड्यांची तुलना टिकून राहिली ती याच हट्टामुळे. आपल्या हवामानाप्रमाणे वेळा आणि तापमानाच्या मर्यादा वेगळ्या ठरवाव्या लागतील. त्या एकदा ठरल्या की मात्र त्यांत फेरफार करू नये.

एक सावधगिरीही सांगतो. गवत उंच झाल्यावर चंडोल कमी दिसतात याचे एक कारण ते कमी झाले हे असू शकते आणि दुसरे कारण ते दडून राहतात हेही असू शकते. दिसलेल्या संख्येवरून असलेल्या संख्येकडे जाण्यासाठी ‘दिसण्याची शक्यता’ किती हे कळावे लागते. सरळ रेषेत चालताना प्रत्येक पक्षी रेषेपासून किती काटकोनी अंतरावर होता हे लिहून ठेवले, तर अंतर वाढताना नोंदी कशा विरळ होत जातात त्यावरून ही शक्यता काढता येते. दुसरा मार्ग म्हणजे एकाच हंगामात त्याच ठिकाणी अनेकदा जाणे आणि कोणत्या फेरीत पक्षी आढळला, कोणत्या फेरीत नाही, याचा तक्ता ठेवणे. लहान क्षेत्रात पक्षीच थोडे असल्यामुळे अंतरांच्या पुरेशा नोंदी जमत नाहीत, म्हणून मी दुसरा मार्ग सुचवेन.

मोजणीची पद्धत चुकीची असेल तर किती मोठी गोष्ट नजरेतून सुटू शकते, हे राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पाने दाखवले आहे. पायांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी पद्धत तेथे वापरात होती, २००४ पर्यंत अधिकृत आकड्यांत वाघ दिसत राहिले आणि २००५ च्या सुरुवातीला तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर देशपातळीवर ती पद्धत सोडून देण्यात आली आणि २००६ पासून नमुना सर्वेक्षण व कॅमेरा ट्रॅप यांवर आधारलेली गणना दर चार वर्षांनी होऊ लागली. त्या नव्या पद्धतीत वाघांच्या जोडीने भक्ष्य प्राणी, वनस्पती आणि माणसाचा वावर यांच्याही नोंदी घेतल्या जातात, हे आपल्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे.

गवत्या:

तांबट यांच्याशी सहमत आहे. अधिवासाच्या बाजूने भर घालतो. आपण जे वर्णन केले आहे, म्हणजे कुंपण, चराई बंद, गवत उंच आणि बुडाशी काडाचा थर, ते जगातील अनेक संरक्षित क्षेत्रांच्या बाबतीत घडले आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये गुरे चारण्यावर बंदी आली. म्हशी उथळ पाण्यातले गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत असत. त्या थांबल्यावर पास्पालम गवताने पाणथळ जागा व्यापल्या आणि पाणपक्ष्यांना लागणारे मोकळे पाणी आक्रसले. हे कळले, कारण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दीर्घकालीन अभ्यास त्या काळात तेथे चालू होता आणि त्यात पक्ष्यांच्या बरोबरीने पाणी, वनस्पती आणि मासे यांच्याही नोंदी होत होत्या. नुसते पक्षी मोजले असते, तर संख्या घटल्याचे समजले असते, पण कारण हाती लागले नसते.

दुसरे उदाहरण मला फार जवळचे वाटते. ब्रिटनमधून ‘लार्ज ब्लू’ हे फुलपाखरू १९७९ मध्ये नामशेष झाले. त्याच्या जागांना संरक्षण होते, काही ठिकाणी कुंपणेही होती, आणि ज्या झाडावर ते अंडी घालते तेही तेथे मुबलक होते. जेरेमी थॉमस यांच्या अभ्यासातून दिसले की या फुलपाखराची अळी पुढे एका विशिष्ट प्रजातीच्या लाल मुंगीच्या वारुळात वाढते आणि त्या मुंगीला उन्हाने तापणारी जमीन लागते. चराई थांबून गवत काही सेंटिमीटर वाढले तरी जमिनीवर सावली पडते, ती थंड होते आणि त्या मुंगीची जागा दुसरी मुंगी घेते. गवत पुन्हा आखूड राखल्यावर स्वीडनहून आणलेली फुलपाखरे तेथे रुजली. तेथे मोजायला हवी होती ती गवताची उंची, आणि तिच्यासाठी साधी मोजपट्टी पुरली असती.

म्हणून आपल्या माळासाठी माझी सूचना अशी. दर दहा सेंटिमीटरवर आलटून पालटून दोन रंग दिलेली एक काठी तयार करा. ती गवतात उभी करायची, चार मीटर अंतरावर जाऊन डोळे जमिनीपासून एक मीटर उंचीवर येतील असे बसायचे आणि काठीवरचा दिसणारा सर्वांत खालचा पट्टा कोणता ते लिहायचे. मग हेच उरलेल्या तीन दिशांकडून करायचे. अमेरिकेतील गवताळ प्रदेशांत ही पद्धत १९७० पासून वापरात आहे, रोबेल यांच्या नावाने ती ओळखली जाते. गवताची उंची आणि दाटी दोन्ही एकाच आकड्यात उतरतात आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला किती आडोसा मिळतो किंवा किती अडथळा होतो, हे त्यातून कळते. चंडोलांना विरळ, आखूड गवत आणि मध्येमध्ये उघडी जमीन लागते, तर लाव्यांना दाट गवत चालते. त्यामुळे सरासरीबरोबर आकड्यांतील फरकही पाहावा. सगळीकडे एकाच उंचीचे गवत असणे हे माळाच्या दृष्टीने चांगले लक्षण नाही.

त्याच जागी एक मीटर बाजूची चौकट टाकून उघडी जमीन किती टक्के, काडाचा थर किती जाड, बहुवर्षायू गवते किती आणि आगंतुक वनस्पती किती, एवढेच पाहावे. प्रत्येक रोपाचे नाव लिहिण्याच्या मागे लागू नये, त्यात माणसे थकतात आणि दुसऱ्या वर्षी काम बंद पडते. जागा मात्र आधी नकाशावर सोडत काढून किंवा समान अंतरावर ठरवाव्यात. वाटेवरून जाताना ‘ही जागा बरी दिसते’ म्हणून चौकट टाकली, की आकडे पायवाटेचे होतात, माळाचे होत नाहीत.

घाणेरीसाठी ठरलेल्या जागेवरून छायाचित्र हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पटणारा पुरावा आहे. खुंटी ठोका, होकायंत्राने दिशा नोंदवा, कॅमेऱ्याची उंची आणि भिंग तेच ठेवा आणि दरवर्षी त्याच आठवड्यात छायाचित्र काढा. चौकटीत क्षितिज आणि एखादा न हलणारा खडक येईल असे पाहा. खुंटी हरवतेच, म्हणून तो खडक लागतो.

रातवा:

कॅमेऱ्यांविषयी थोडक्यात लिहितो. कॅमेरा ट्रॅप उत्तम साधन आहे, पण प्रत्येक साधनासारखी त्यालाही त्याची कामे आहेत. अंगावरील खुणांवरून एकेक प्राणी वेगळा ओळखता येत असेल, जसे वाघाचे पट्टे किंवा बिबट्याचे ठिपके, तर वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावून संख्येचा अंदाज काढता येतो. दोन कॅमेरे लागतात, कारण प्राण्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील खुणा सारख्या नसतात. वन्यजीव अभ्यासक उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे अभयारण्यात या पद्धतीने वाघांची घनता काढली आणि ते काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्हे, ससे, मुंगूस यांच्यासारख्या प्राण्यांच्या बाबतीत असे ओळखणे जवळपास अशक्य असते. तेथे शंभर छायाचित्रे म्हणजे शंभर ससे नव्हेत. कॅमेऱ्यासमोर रोज चरायला येणारा एकच ससाही तेवढी छायाचित्रे देऊ शकतो.

तुमचा मुख्य प्रश्न गवत आणि चंडोल यांचा आहे आणि त्याला कॅमेरा फारसे उत्तर देणार नाही. उलट उंच गवतात वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांमुळे हजारो रिकामी छायाचित्रे जमतील आणि ती चाळण्यात स्वयंसेवकांचा वेळ जाईल. पैसे खर्च करायचेच असतील, तर ध्वनिमुद्रक घेण्याचा विचार करावा. चंडोल, रातवे, बेडूक आणि रातकिडे दिसण्यापेक्षा ऐकू येतात, मुद्रण जपून ठेवता येते आणि कित्येक वर्षांनी दुसऱ्या तज्ज्ञालाही ऐकवता येते. आवाजावरून पक्षी ओळखणारी संगणकप्रणाली आज सहज मिळते, मात्र तिच्या निकालांपैकी काही नमुने माणसाने स्वतः ऐकून तपासल्याशिवाय ते तक्त्यात घेऊ नयेत.

मूळ नोंदी टाकून देऊ नका, एवढा आग्रह मात्र धरतो. जर्मनीतील क्रेफेल्ड येथील हौशी कीटक अभ्यासकांच्या मंडळाने संरक्षित क्षेत्रांत एकाच बनावटीचे सापळे लावून उडणारे कीटक गोळा केले आणि वजन करून जपून ठेवले. १९८९ ते २०१६ या काळातील ६३ ठिकाणच्या त्या नोंदी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कीटकांच्या एकूण वजनात ७५ टक्क्यांहून अधिक घट झाल्याचे दिसले. बहुतेक ठिकाणी सापळा केवळ एका वर्षापुरता लागला होता, हा त्या अभ्यासावरील आक्षेप रास्त आहे. तरीही सापळा आणि वजनाची रीत बदलली नव्हती म्हणूनच एवढी तरी तुलना शक्य झाली. सापळे लावणाऱ्यांच्या मनात सुरुवातीला हा प्रश्न नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

टाचणी:

तळ्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून दोन शब्द. पाण्याच्या कडेला पातळी दाखवणारी पट्टी पक्की रोवा आणि दर पंधरवड्याला पातळी लिहा. तळे कोणत्या तारखेला भरले व कोणत्या तारखेला आटले या दोन तारखांवर बेडकांची पिल्ले जगतात की नाही ते ठरते. गढूळपणासाठी काळ्या-पांढऱ्या रंगाची तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली मोजतात. अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये सुरू केलेली ही रीत अजूनही चालते. विरघळलेला प्राणवायू मोजणार असाल, तर तो सूर्योदयापूर्वी मोजा. रात्रभर वनस्पती आणि सूक्ष्मजीव तो वापरत असतात आणि पहाटे तो सर्वांत कमी होतो. दुपारी मोजलेला आकडा शेवाळाने भरलेल्या तळ्यातही उत्तम येतो आणि फसवतो.

चतुर आणि टाचण्या (चतुरांसारखेच, पण बारीक अंगाचे कीटक) यांची मोजणी काठाने ठरलेल्या मार्गावर फुलपाखरांसारखीच करता येते. एका तळ्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी बूट आणि जाळी धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावीत. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या सामानातून पसरू शकते.

माळचंडोल:

सर्वांचे मनापासून आभार. काठीची पद्धत आणि न दिसलेल्या प्रजातींची नोंद या दोन्ही गोष्टी तातडीने सुरू करता येतील असे दिसते. दोन शंका उरतात. आकडे हाती आल्यावर ‘आता काहीतरी केले पाहिजे’ हे कधी ठरवायचे? आणि मला माळाचा काही भाग यंदाच कापावा असे वाटते. पुरेसे आकडे जमेपर्यंत थांबणे आवश्यक आहे का?

गवत्या:

मर्यादा आधीच ठरवा आणि लिहून ठेवा. ब्रिटनमध्ये संरक्षित स्थळांची स्थिती तपासताना प्रत्येक अधिवासासाठी काही लक्षणे आणि त्यांची लक्ष्ये अगोदर लिहिलेली असतात. उदाहरणार्थ गवताची उंची कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी, झुडपांनी किती टक्क्यांपेक्षा जास्त जागा व्यापू नये. निष्कर्षही ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ एवढ्यावर थांबत नाही. प्रतिकूल पण सुधारणारी, प्रतिकूल व स्थिर, प्रतिकूल व ढासळती, अशा पायऱ्या असतात, कारण स्थितीइतकीच तिची दिशाही पाहावी लागते. तुम्हीही लिहा की चौकटींपैकी अमुक इतक्यांत उघडी जमीन ठरलेल्या टक्क्याच्या खाली गेली की कापणी करायची. आकडा आल्यानंतर मर्यादा ठरवायला बसलात, तर गटातील प्रत्येक जण आपापल्या मताला सोयीची मर्यादा सुचवील.

तांबट:

गवत्या यांच्या म्हणण्याला एक पुरवणी, कारण पाऊस चांगला झाला की गवत वाढणारच आणि तेवढ्याने मर्यादा ओलांडली जाईल. म्हणून एकाच वर्षाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, आणि प्रत्येक वर्षाच्या तक्त्यात पावसाच्या नोंदीचा एक रकाना असावा.

थांबण्याविषयी माझे मत असे: घाणेरी काढण्यासाठी कोणत्याही आकड्याची वाट पाहू नये. ती पसरते हे आधीच माहीत आहे आणि उशीर केल्यास काम वाढते. फक्त काढण्यापूर्वी ठरलेल्या जागेवरून छायाचित्र घ्या. गवत कापण्याचा निर्णय वेगळा आहे, कारण त्याचा चंडोलांवर चांगला परिणाम होईल हा आपला अंदाज आहे आणि तो तपासून पाहण्याची संधी एकदाच मिळते. माळाचे शक्य तितके सारखे तुकडे पाडा. काही तुकडे सोडत काढून कापण्यासाठी निवडा आणि उरलेले तसेच राखा. कापणीपूर्वी सर्व तुकड्यांत काठी, चौकट आणि पक्ष्यांच्या फेऱ्या उरकून घ्या, विणीचा काळ संपल्यावरच कापा, कापलेले गवत माळावर पडू न देता उचलून न्या, नाहीतर काडाचा थर पुन्हा तयार होईल. पुढील विणीच्या हंगामात त्याच फेऱ्या त्याच पद्धतीने दोन्ही प्रकारच्या तुकड्यांत करा. कापलेल्या तुकड्यांत चंडोल वाढले आणि न कापलेल्यांत वाढले नाहीत, तरच ते कापणीमुळे झाले असे म्हणायला आधार मिळेल. दोन्हीकडे वाढले, तर कारण पावसात किंवा क्षेत्राबाहेर शोधावे लागेल.

फेऱ्या निरनिराळी माणसे करणार असतील, तर हंगामाच्या आरंभी सर्वांनी एकाच मार्गावर एकत्र चालून स्वतंत्रपणे नोंदी कराव्यात आणि नंतर त्या ताडून पाहाव्यात. प्रत्येकाने सर्व तुकडे पाळीपाळीने करावेत. एकाच व्यक्तीला कापलेले तुकडे आणि दुसरीला न कापलेले दिले, तर गवतातला फरक आणि कानांतला फरक एकमेकांत मिसळतील. घरट्यांच्या नेमक्या जागा मात्र सार्वजनिक अहवालात किंवा खुल्या नकाशावर देऊ नयेत. त्या गटाच्या मूळ वहीतच राहाव्यात.